डेल्मा सँडीची शिट्टी

आमच्या वस्तीत पंचाला शिव्या घालणं हा वाईटपणा नाही, ती रीत आहे. तुम्ही बाकड्यावर बसलात, हातात मक्याच्या सूपचा कप आहे आणि समोर पोरं जाळीच्या काठ्यांनी चेंडू झेलत-फेकत लक्रॉस खेळतायत, तर पंचाच्या डोळ्यांबद्दल, चष्म्याबद्दल आणि एकंदर अकलेबद्दल तुम्ही काहीतरी ओरडलंच पाहिजे. जो गप्प बसतो त्याला लोक विचारतात, बरं नाही का. मी हे अधिकाराने सांगते. मैदानाच्या दाराशी सूप आणि तळलेल्या पावाचं दुकान माझं आहे, आणि तिथून माझा आवाज पलीकडच्या गोलपर्यंत पोचतो.

डेल्माला जे ओरडले ते मात्र यातलं नव्हतं. तिला म्हणाले, घरी जा. पंचाला कधी कोणी घरी जा म्हणत नाही. तो घरी गेला तर शिव्या कोणाला घालायच्या?

डेल्मा सँडी माझी मावसबहीण. आम्ही होडेनोशोनी, उत्तर अमेरिकेच्या मूळ लोकांपैकी. आमच्यात कूळ आईचं लागतं, त्यामुळे मावसबहीण म्हणजे बहीणच, वेगळा शब्द लावायची गरज पडत नाही. वय पंचेचाळिशीच्या पुढे, खांदे रुंद, बोलणं कमी. शाळेची बस चालवते. मागच्या सीटवर मारामारी सुरू झाली की ती ओरडत नाही, नुसती आरशात बघते, आणि पोरांना एकदम खिडकीबाहेरची झाडं आवडायला लागतात. नवरा होता. तो शहरात गेला आणि तिथेच राहिला. त्याच्याबद्दल याहून जास्त सांगावं असं त्याने काही केलेलं नाही.

तिचे वडील एल्विन सँडी. मी त्यांना काका म्हणते. लाकडी काठी बनवणारे जे थोडे हात या नदीकाठी उरलेत, त्यांतले एक. हिकरीचं लाकूड फाडायचं, वाफेवर वाकवायचं, महिनोन्‌महिने सुकवायचं, मग तासायचं आणि चामड्याच्या वादीने जाळी विणायची. त्यांची शेड घरामागे आहे. लहानपणी आम्ही मुली त्या शेडला वळसा घालून जायचो, कारण लाकडी काठीला बाईने हात लावायचा नसतो. निर्मात्याने हा खेळ पुरुषांच्या हाती दिला, आजारी माणसाला बळ मिळावं म्हणून दिला. मुलगा जन्मला की छोटी काठी पाळण्यात ठेवतात, म्हातारा गेला की काठी त्याच्याबरोबर जाते. बाईचा हात लागला की ती काठी खेळातून उठली. प्लास्टिकच्या काठ्यांचं कोणाला काही नाही. त्या दुकानातून येतात आणि हल्ली पोरं त्याच वापरतात. लाकडी काठी उरली ती लाँगहाऊसपाशी, म्हणजे आमचे विधी होतात त्या लांब घरापाशी, होणाऱ्या औषधाच्या खेळात, आणि एखाद्या हट्टी गोलकीपरच्या हातात.

डेल्माने ही रीत कधी मोडली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लोकांनी तिला रीत मोडणारी ठरवलं. काका काठी दाराला टेकवून विसरले तर ही पोरगी खिडकीतून घरात जायची. एकदा अशीच चढताना पडून तिचा दात तुटला, तो अजून तुटलेलाच आहे.

सगळ्याला सुरुवात झाली ती शहरातल्या एका पंचामुळे. आमच्या पोरांच्या सामन्यांना पंच नेहमी शहरातून यायचे, कारण वस्तीत कोणालाच शिट्टी नको होती. इथला प्रत्येक पुरुष एकतर खेळलेला आहे, नाहीतर शिकवतो, नाहीतर बाकड्यावर बसून या दोघांना अक्कल शिकवतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून अर्ध्या गावाचं वैर कोण ओढवून घेणार? म्हणून शहरातले पोरगे यायचे, उशिरा यायचे. आमच्या पोराने खांदा मारला की तो बाहेर, त्यांच्या पोराने मारला की खेळ चालू. त्या दिवशी त्यांतल्या एकाने आमच्या एवढ्याशा पोराला शिक्षेच्या बाकावर बसवलं आणि मधल्या सुट्टीत माझ्या दुकानासमोर उभा राहून जोडीदाराला म्हणाला, "यांच्या रक्तातच असतं ते." त्याच्या हातात माझा पाव होता. मी तो काढून घेतला. डेल्मा शेजारीच उभी होती. दुसऱ्या दिवशी बस धुताना ती मला म्हणाली, "ती शिट्टी मी घेणार आहे."

मी तिला वेड्यात काढलं. तिने बादलीतलं उरलेलं पाणी चाकावर ओतलं आणि विषय संपला.

पंचांचा वर्ग शहरात भरायचा. वर्गात सगळी सोळा-सतरा वर्षांची पोरं, उन्हाळ्यात हातखर्चाला पैसे हवेत म्हणून आलेली, आणि पहिल्या बाकावर डेल्मा. नियमांचं पुस्तक तिने बसमध्ये ठेवलं होतं. शिक्षेच्या हाताच्या खुणा ती रिकामी बस परत आणताना सिग्नलला थांबून आरशात बघत करायची. मागच्या गाडीवाल्यांना वाटायचं ही आपल्यालाच काहीतरी सांगतेय. लेखी परीक्षा ती पास झाली. पण ती परीक्षा म्हणजे अर्धं काम. मग एक उन्हाळा कच्चा पंच म्हणून काढायचा आणि शेवटी संघटनेचा माणूस येऊन एक पूर्ण सामना बघतो. त्याने पास केलं तरच पक्का पंच.

त्यातच मुलांच्या लीगने आमच्या क्लबला कळवलं होतं की पुढच्या उन्हाळ्यापासून प्रत्येक क्लबचा स्वतःचा पक्का पंच हवा, नसेल तर त्यांचे घरचे सामने शहरात होतील. म्हणजे आमच्या पोरांना आमच्याच मैदानावर खेळायला मिळणार की नाही, ते डेल्माच्या त्या एका सामन्यावर येऊन ठेपलं. दुसरं कोणी पुढे आलंच नव्हतं.

तुम्हाला वाटेल वस्तीने तिचे आभार मानले असतील. इतकी वर्षं शिट्टी कोणाला नको होती. डेल्माने ती मागितली आणि सगळ्यांना एकदम परंपरा आठवली. त्यांत सगळ्यात पुढे लायल फ्रोमन. हा आमच्या पोरांच्या संघाचा प्रशिक्षक. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि रीतीभातीचा असा राखणदार की लाँगहाऊसमध्ये मी त्याला फक्त जेवणाच्या वेळी पाहिलंय. तो म्हणाला, पुरुषांच्या खेळात बाई उभी राहिली तर खेळातलं औषध जाईल. मी विचारलं, शहरातला तो पोरगा उभा राहायचा तेव्हा औषध कुठे होतं? तेव्हापासून तो माझं सूप घेताना माझ्याकडे बघत नाही. घेतो मात्र.

डेल्मा आमच्या कुळमातेकडे गेली होती, रीतीच्या बाबतीत कुळात जिचा शब्द शेवटचा तिच्याकडे. व्हर्ना आजी नव्वदीची आहे, कानाने कमी ऐकते, बाकी सगळं ठीक. तिने शिट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाली, हे प्लास्टिक आहे, हे काही झाडावर वाढलेलं नाही. लाकडाला हात लावू नकोस, बाकी तुझं तू बघ. डेल्माला एवढंच ऐकायचं होतं. लोकांना मात्र ते ऐकायचं नव्हतं, म्हणून त्यांनी ऐकलं नाही.

तो उन्हाळा वाईट गेला. ती मैदानात उतरली की बाकड्यांवरून सुरू, घरी जा, घरी जा. ओरडणाऱ्यांत बायकाही होत्या. ज्यांच्या पोरांना ती रोज बसमधून सुखरूप घरी सोडते त्याही होत्या, आणि त्यांची नावं मला पाठ आहेत. कोणीतरी तिच्या पिशवीत एप्रन घालून ठेवला. तिने तो काढला, घडी घातली आणि माझ्या दुकानावर आणून दिला. मी अजून वापरते, कापड चांगलं आहे. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं. मी तिला म्हटलं, सोड हे, यांची पोरं शहरात खेळू देत, नाहीतर रस्त्यावर खेळू देत. ती म्हणाली, "पोरांनी एप्रन ठेवला नाही."

या सगळ्याचं तिला तेवढं लागलं नाही जेवढं काकांचं लागलं. ज्या दिवशी तिने पट्ट्यांचा शर्ट घरी आणून दोरीवर वाळत घातला, त्या दिवसापासून काका तिच्याशी बोलले नाहीत. दोघांची घरं शेजारी. दर रविवारी ती सूपचं भांडं त्यांच्या पायरीवर ठेवायची. संध्याकाळी भांडं धुऊन तिच्या पायरीवर परत यायचं. मध्ये शब्द नाही. सामन्याला मात्र काका यायचे, प्रत्येक सामन्याला. सगळ्यात वरच्या बाकड्यावर बसायचे आणि पूर्ण वेळ गप्प. ज्या माणसाने चाळीस वर्षं पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ज्याला एकदा मैदानातून बाहेर काढायला तीन माणसं लागली, तो आपल्या मुलीच्या हातात शिट्टी असताना तोंड उघडायचा नाही. तिने चुकीचा निर्णय दिला तरी नाही. घरी जा म्हणणाऱ्यांत त्यांचा आवाज नव्हता हे खरं. पण ती त्यांच्या लेखी पंच नव्हती, कोणीच नव्हती. मला त्यांचा इतका राग यायचा की त्यांच्या कपात मी मुद्दाम वरचं पातळ सूप घालायचे.

परीक्षेच्या दिवशी संघटनेचा माणूस आला. पेटिट नाव. वाळलेला, टोपी घातलेला, स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आलेला. मी सूप विचारलं तर म्हणाला, कामावर असताना काही घेत नाही. मैदान आमचं, पाहुणा संघ शहराचा, डेल्माबरोबर दुसरा पंच शहरातला एक विशीचा मुलगा. बाकडी भरलेली. एरवी पोरांच्या सामन्याला एवढी गर्दी नसते. लोक खेळ बघायला आलेच नव्हते.

सामना सुरू होण्याआधी पंचाने दोन्ही संघांचं सामान बघायचं असतं. आमचा गोलकीपर टेव्हन, अकरा वर्षांचा, नेहमी प्लास्टिकची काठी वापरणारा, त्या दिवशी लाकडी काठी घेऊन उभा होता. हिकरीची, नवी, काकांच्या हातची. रुंद जाळी, घट्ट विणलेली. टेव्हनचा चेहरा बघूनच कळत होतं की त्याला ती सांभाळत नाहीये. लायल कठड्यावर कोपर टेकवून उभा होता आणि मजेत च्युइंगम चघळत होता. मला सगळं कळलं. डेल्माने हात लावला तर वस्तीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि नाही लावला तर पेटिट तिला नापास करेल. काठी लायलने काकांकडूनच मागून आणली होती. काय सांगून आणली, आणि काकांना त्याचा डाव माहीत होता का, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी विचारलेलंही नाही, कारण उत्तर काय येईल याची मला खात्री नाही.

डेल्माने काठीकडे बघितलं, टेव्हनला ती फिरवायला लावली, आणि मान डोलावून पुढे गेली. पेटिटने काहीतरी लिहिलं.

खेळ चांगला झाला. हे मी बहिणीच्या मायेने सांगत नाही. सिमेंटच्या जमिनीवर पोरं अशी धावतात की मोठ्यांना दम लागेल, आणि ती त्यांच्या मागे-पुढे बरोबर जागेवर असायची. शहराच्या पोराने मागून ढकललं, बाहेर. आमच्या पोराने हातावर काठी मारली, बाहेर. दोन्ही वेळा तोच हात, तीच खूण, तोच चेहरा. बाकड्यांवरून घरी जा चालूच होतं. वरच्या बाकड्यावर काका गप्प.

शेवटच्या सत्रात आमचा संघ एका गोलने पुढे होता. टेव्हनने त्या रुंद काठीने दोन पक्के गोल अडवले, आणि पाहुण्यांच्या प्रशिक्षकाने हात वर केला. गोलकीपरच्या काठीची रुंदी मोजा, म्हणाला. त्याचा तो हक्क आहे, सुरुवातीच्या तपासणीत रुंदी मोजत नाहीत. काठी नियमात निघाली तर मागणाऱ्यालाच शिक्षा होते, म्हणून उगाच कोणी मागत नाही.

घड्याळ थांबलं. मैदान एवढं शांत झालं की माझ्या कढईतलं तेल ऐकू यायला लागलं. मी गॅस बंद केला आणि कठड्यापाशी गेले. दुसरा पंच काठी घ्यायला पुढे झाला, तेव्हा पेटिट खुर्चीतून उठला आणि त्याने हातानेच त्याला थांबवलं. परीक्षा तिची आहे, म्हणाला. मग डेल्माला म्हणाला, "काठी ताब्यात घ्या आणि मोजा."

डेल्मा म्हणाली, "मोजते. हातात घेणार नाही."

"काठी पंचाने हातात घ्यायची असते."

"माझ्या हातात आली तर या पोराला ती परत धरता येणार नाही," डेल्मा म्हणाली. "नापास करायचं असेल तर करा. मोजल्यावर करा."

पेटिटला यातलं किती कळलं देव जाणे. तो कठड्याला लागून उभा राहिला. लायलच्या तोंडातलं च्युइंगम थांबलं होतं. त्याला वाटलं होतं ही एकतर हात लावेल नाहीतर रडेल. डेल्मा टेव्हनपुढे एका गुडघ्यावर बसली आणि बसमध्ये बोलते तशा आवाजात म्हणाली, "काठी आडवी धर, बाळा. जाळी माझ्याकडे. हलू नकोस, हललास तर मला लागेल."

पोराने श्वास रोखून काठी धरली. डेल्माने टेप काढली, दोन हातांत ताणून जाळीवर आडवी धरली, लाकडापासून केसभर वर. मागून कोणीतरी म्हणालं, लागली, लागली. लागली नव्हती. मी माझ्या डोळ्यांनी बघत होते, आणि माझे डोळे पंचांसारखे नाहीत. टेव्हनच्या हातातली काठी हलायला लागली तशी ती टेप त्याच्याबरोबर वरखाली नेत होती, आणि मला एकदम खिडकीतून घरात शिरणारी ती पोरगी आठवली. लायलने जी रीत सापळ्यासारखी लावली होती, ती पाळणारी त्या अख्ख्या मैदानात ही एकच बाई होती.

तिने एकदा मोजलं. परत मोजलं. मग ती तशीच बसून राहिली, आणि मला कळलं की काठी जास्त भरतेय.

मोठ्यांच्या काठीची रुंदी वेगळी, पोरांच्या गटाची वेगळी. काकांनी मोठ्यांची काठी बनवली होती आणि ती मोठ्यांच्या खेळात अगदी बरोबर होती. या खेळात ती दोन बोटं जास्त होती. मला वाटलं, टेपवरचा आकडा फक्त डेल्माला दिसतोय. पेटिट बाजूला होता, दुसरा पंच मागे. ती बरोबर आहे म्हणाली असती तर शिक्षा शहराच्या संघाला, सामना आमचा, आणि तीच बाकडी तिला खांद्यावर घेऊन नाचली असती. बापाच्या काठीला नाव ठेवलं गेलं नसतं. एका शब्दाचं काम होतं. तिने मान वर केली आणि सरळ वरच्या बाकड्याकडे बघितलं. काका बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

डेल्मा उठली, टेप गुंडाळून खिशात घातली आणि हाताने खूण केली. काठी नियमाबाहेर. आमच्या संघाला शिक्षा. टेव्हनने प्लास्टिकची काठी घ्यावी.

एल्विन सँडीची काठी नियमाबाहेर हे वाक्य वस्तीत कोणी कधी ऐकलं नव्हतं. मला भीती वाटली की आता घरी जा सुरू होणार, आणि यावेळी नुसतं ओरडून थांबणार नाहीत. मी हातातला झारा घट्ट धरला. खरं सांगते, पहिला जो ओरडेल त्याला तो फेकून मारायचा असं मी ठरवलं होतं.

पहिला आवाज सगळ्यात वरच्या बाकड्यावरून आला.

"आंधळी आहेस का गं तू?" काका उभे राहिले होते. चेहरा लालबुंद, बोट रोखलेलं, मानेच्या शिरा टरारलेल्या. "टेप वाकडी धरलीस! आख्ख्या मैदानाला दिसली वाकडी! चष्मा कर, चष्मा!"

मी झारा खाली घेतला.

आणि मग बाकडी फुटली. आंधळी, बहिरी, पुस्तक उलटं वाचलं का, शिट्टी कुठल्या दुकानातून घेतलीस, तुझ्यापेक्षा माझी आंधळी आजी बरी, अशा ज्या ज्या गोष्टी आमच्याकडे म्हणतात त्या सगळ्या. एक बाई नाचून सांगत होती की तिचा पाळलेला कुत्रासुद्धा यापेक्षा नीट मोजतो. काका सगळ्यांच्या वर ओरडत होते, इतक्या महिन्यांचं साठलेलं एकदम बाहेर पडत होतं. त्या सगळ्या कालव्यात घरी जा हे एकदाही कोणी म्हटलं नाही. मी कान देऊन ऐकत होते. मी पण एक शिवी हाणली, रीत आहे म्हणून.

डेल्मा आमच्याकडे पाठ करून मैदानाच्या मध्यावर चालत गेली. तिचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडतेय. मग ती चेंडू ठेवायला वळून वाकली आणि तिचा तुटका दात दिसला.

आमचा एक पोरगा बाहेर असताना शहराने बरोबरी केली, आणि मग जाता जाता आणखी एक घातला. आम्ही हरलो. कोणी तिला माफ केलं नाही. लोक माझ्या दुकानावर रांग लावून तिच्या टेपबद्दल बोलत होते, आणि ज्यांनी ज्यांनी एप्रनवाल्या दिवशी हसू दाबलं होतं त्यांना मी वरचं पातळ सूप दिलं.

पेटिट आपली खुर्ची घडी करत होता. डेल्मा त्याच्यासमोर उभी राहिली. तो म्हणाला, काठी हातात घ्यायला हवी होती, त्याचे गुण मी कापलेत, आणि खूप कापलेत. मग टोपी नीट केली आणि म्हणाला, मोजणी मात्र बरोबर होती, मी कठड्यावरून पाहिली, पुढच्या उन्हाळ्यात पक्क्या पंच म्हणून भेटू. एवढंच बोलून तो निघाला. जाताना मी परत सूप विचारलं. नाहीच घेतलं.

काकांनी टेव्हनच्या हातून काठी घेतली. जाळीवर आपला पंजा पसरून ठेवला, बोटं मोजली, आणि ती काखेत धरून लायलपाशी गेले. आमच्या भाषेत त्याला काहीतरी हळू आवाजात बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. लायल त्यानंतर त्या उन्हाळ्यात माझ्या दुकानावर आला नाही. मग काका डेल्माच्या शेजारून दाराकडे गेले. थांबले नाहीत, तिच्याकडे बघितलंही नाही.

गर्दी गेल्यावर डेल्मा दुकानासमोरच्या पिंपावर येऊन बसली. पट्ट्यांचा शर्ट घामाने चिकटलेला, शिट्टी गळ्यात. मी तिला तळाचं घट्ट सूप दिलं, मांसाचे तुकडे शोधून. तिने कप दोन्ही हातांत धरला.

"बाबा काय म्हणाले?" तिने विचारलं.

"तू ऐकलंस की. अख्ख्या वस्तीने ऐकलं."

"तरी सांग."

"आंधळी म्हणाले."

"आणखी?"

"टेप वाकडी धरलीस म्हणाले. चष्मा कर म्हणाले."

"वाकडी नव्हती," डेल्मा म्हणाली आणि सूप प्यायला लागली. अर्धा कप संपल्यावर तिने तोंड पुसलं. "पहिलं काय म्हणाले ते परत सांग."

मी परत सांगितलं.